लिहिताना हात का आखडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही दहा-बारा जण हस्तलिखितं घेऊन बसतो. कथा, कविता, लेख, क्वचित एखादं नाटक. मी गेली पंचवीस वर्षं दिवाळी अंक आणि पुस्तकं संपादित करते आहे, त्यामुळे नवे लेखक शुद्धलेखनाबद्दल नाहीतर प्रकाशकांबद्दल विचारतील असं मला वाटायचं. अलीकडे ते विचारतात ते वेगळंच: "ताई, हे चालेल का?" लेखन चांगलं आहे का, असा त्याचा अर्थ नसतो. कुणी अंगावर तर येणार नाही ना, असा असतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांना मी देते ती उत्तरं इथे लिहून काढली आहेत.

स्वयं-सेन्सॉरशिप म्हणजे नेमकं काय? काटछाट तर संपादनातही असतेच.

असते, आणि ती हवीच. पाल्हाळ कापायचा, तेच तेच दोनदा आलं असेल तर एकदा ठेवायचं, खात्री नसलेली माहिती गाळायची, हे लेखकाचं रोजचं काम आहे. एखाद्या खाजगी माणसाचं दुखणं चव्हाट्यावर येऊ नये म्हणून त्याचं नाव बदलणं हेही मी सभ्यपणातच मोजते.

फरक ओळखायची माझी खूण साधी आहे. वाक्य का काढलं, ते समोरच्याला मोठ्याने सांगता येतं का? "वाक्य सैल होतं" असं सांगता येतं. "याला पुरावा नव्हता" असंही सांगता येतं. पण उत्तर म्हणून नुसतं "जाऊ दे ना, कशाला" एवढंच आलं, की समजावं, कात्री संपादकाची नव्हती. ती भीतीची होती. आणि भीतीला कारण असूही शकतं. ते नाकारायचं नाही. फक्त त्या कात्रीला सौंदर्यदृष्टी, संयम किंवा परिपक्वता अशी नावं देऊ नयेत.

आणीबाणीत सरकारच सेन्सॉर होतं. आता तसा कुणी अधिकारी बसलेला नाही. मग अडचण काय?

हा प्रश्न बहुतेक वेळा माझ्याहून वयाने मोठे वाचक विचारतात. त्यांनी १९७५ ते १९७७ पाहिलं आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

२५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी आली आणि दुसऱ्याच दिवशी वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली. मजकूर आधी अधिकाऱ्याला दाखवायचा, त्याने खोडलेलं छापायचं नाही. भयंकरच होतं ते. पण त्यात एक गोष्ट होती, जी आज नाही: समोर कोणीतरी होतं. आदेश कागदावर होता, खाली सही होती, म्हणून त्याविरुद्ध कोर्टात जाता येत होतं. मिनू मसानी 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ साली जिंकले. आपल्या पुण्यातलं 'साधना' साप्ताहिक यदुनाथ थत्ते यांच्या संपादनाखाली त्या काळातही आपला आवाज सोडत नव्हतं. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात स्वागताध्यक्षपदी यशवंतराव चव्हाण होते. त्याच व्यासपीठावर अध्यक्ष दुर्गा भागवत लेखनस्वातंत्र्याबद्दल बोलल्या आणि आजारी जयप्रकाशांना आराम पडावा म्हणून त्यांनी सभेला प्रार्थना करायला सांगितलं. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. काय केलं तर काय होईल, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते केलं.

आज लेखकाच्या हातात असा कागद येत नाही. कोणीतरी फोन करतं, आणि फोन करणाराही "मला काही नाही हो, पण लोक..." असं म्हणतो. सभागृहाची तारीख अचानक मिळेनाशी होते. मुद्रक म्हणतो, आठ दिवस मशीनवर दुसरं काम आहे. एकदा दिवाळी अंकाचे फर्मे छापखान्यात गेल्यानंतर रात्री साडेदहाला मला असाच फोन आला होता. अमुक पानावरचा लेख ठेवलाच पाहिजे का, एवढंच विचारलं गेलं. धमकी नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. मी लेख ठेवला, पण त्या रात्री झोपले नाही, आणि पुढच्या वर्षीचे लेख मागवताना मी त्या लेखकाला पत्र पाठवलं नाही हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं. कोणीही मला तसं सांगितलं नव्हतं. कोर्टात जाऊन मी कोणाविरुद्ध दाद मागणार होते?

पुण्याचाच विषय का काढता? हे तर सगळीकडेच आहे.

सगळीकडे आहे. पण मी पुण्यात काम करते, आणि इथे घडलेलं माझ्या लेखकांच्या मनात ताजं असतं.

१६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने तो केला होता. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून गदारोळ उठला आणि एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबलं. हे नाटक सरकारने थांबवलं असं अनेक जण समजतात. ते थांबवलं संस्थेनेच. संस्था फुटली, बाहेर पडलेल्या तरुणांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. आज ते मराठी रंगभूमीचं भूषण म्हणून सांगितलं जातं. मला त्यातली मधली जागा महत्त्वाची वाटते. ज्यांनी थांबवलं ते कुणी दुष्ट नव्हते. संस्था जपावी, गावात वैर नको, इतकंच त्यांच्या मनात असणार. अशाच चांगल्या हेतूंनी पुण्यात कितीतरी गोष्टी एकोणिसाव्या प्रयोगापर्यंत पोचलेल्याच नाहीत, आणि त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

दुसरी गोष्ट भांडारकर संस्थेची. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकातल्या मजकुराने माणसं दुखावली, ते दुखणं खरं होतं, आणि त्या मजकुरावर कडक टीका करण्याचा पूर्ण हक्क सगळ्यांना होता. प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्येच पुस्तक मागे घेतलं होतं. तरी डिसेंबरमध्ये पुण्यातल्या एका संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि ५ जानेवारी २००४ रोजी संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत घुसून नासधूस केली. पोथ्या, ग्रंथ, कपाटं. त्या पंडितांचा आणि संस्थेचा पुस्तकाशी संबंध काय, तर पुस्तकाच्या ऋणनिर्देशात त्यांची नावं होती. राज्य सरकारची बंदी यानंतर आली. ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. पण कायद्याने दिलेलं परत येईतो सवयी बदलून गेल्या होत्या. त्यानंतर काही वर्षं माझ्याकडे येणाऱ्या इतिहासाच्या हस्तलिखितांतला ऋणनिर्देश आटत गेला. "मदत केली आहे, पण माझं नाव घालू नका" असा निरोप मला दोन जाणत्या माणसांकडून आला. ज्याने आपल्याला वाट दाखवली त्याचे आभारही मानता येऊ नयेत, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि तिसरी, २० ऑगस्ट २०१३ची सकाळ. 'साधना'चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर ओंकारेश्वराजवळच्या पुलावर फिरायला गेले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दीड वर्षाने कोल्हापुरात गोविंद पानसरे, त्याच वर्षी धारवाडला एम. एम. कलबुर्गी, २०१७ मध्ये बंगळूरला गौरी लंकेश. दाभोलकर खटल्यात मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडलं. जवळजवळ अकरा वर्षांनी. आमच्या शनिवारच्या बैठकीला येणारी मुलं त्या पुलावरून रोज ये-जा करतात. त्यांच्यापैकी एखादी "मी जरा सांभाळूनच लिहिते" म्हणाली, तर तिला धैर्याचे धडे द्यायची माझी छाती होत नाही.

हात आखडल्यावर मजकुरातून नेमकं काय जातं?

बहुतेकांना वाटतं, जहाल वाक्यं जातात. माझा अनुभव तसा नाही. जहाल वाक्य अनेकदा राहतं, कारण ते मोघम असतं. "सत्ता माणसाला भ्रष्ट करते" हे कोणीही छापेल. जातो तो कर्ता.

शाळेत व्याकरणात शिकलेला प्रयोग आठवा. "अमुकने दगड मारले" हे वाक्य "दगडफेक झाली" होतं. मग "तणाव निर्माण झाला". मग "मिरवणुकीला गालबोट लागलं". प्रत्येक पायरीवर घटना तीच राहते, वाचकाला माहिती मिळाल्यासारखं वाटतं, आणि करणारा माणूस वाक्यातून हळूच निघून जातो. मराठीला ही सोय फार आहे. "ठरलं", "झालं", "घडलं", "म्हणे", "असं बोललं जातं". वर्षानुवर्षं अशा बातम्या वाचून आपला कानच तसा तयार झाला आहे, आणि कथाकारसुद्धा नकळत तसं लिहू लागतो.

कर्त्याच्या पाठोपाठ कारण जातं. मग आडनाव. मग गाव.

हे मी माझ्याच चुकीवरून शिकले. २००४च्या दिवाळी अंकासाठी सातारा जिल्ह्यातल्या एका तरुण लेखकाची कथा आली होती. सखूबाई नावाची विधवा, तिचा दोन एकर ऊस, आणि कारखान्याची निवडणूक. मूळ वाक्य असं होतं: "चेअरमननं सांगितलं, म्हणून सखूबाईच्या उसाला तोड आली नाही." चेअरमनला आडनाव होतं, गावाचं नाव होतं, सखूबाईची जात कोणती आणि तिच्या दिराने मत कुणाला दिलं हेही होतं. सगळं कल्पित, पण त्या भागातला कोणीही वाचक ओळखेल इतकं खरं. भांडारकरला दहा महिनेही झाले नव्हते. मी आडनाव काढलं, गाव काढलं, जात काढली, आणि ते वाक्य केलं: "काही कारणाने सखूबाईचा ऊस तसाच उभा राहिला." लेखकाला विचारलं नाही, वेळ नव्हता, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

अंक पोचल्यावर त्याचा एसटीडी बूथवरून फोन आला. तो रागावलेला नव्हता. म्हणाला, "ताई, कथा माझीच आहे, पण आता ती कुठल्याच गावात घडत नाही."

कायदा खरोखर इतका कडक आहे का? मी काय लिहिलं तर गुन्हा होतो?

मी वकील नाही. प्रत्यक्ष नोटीस आली तर वकीलच गाठा. पण लेखकाला चार गोष्टी माहीत असाव्यात, कारण अंधारात भीती वाढते.

राज्यघटनेचं कलम १९(१)(क) अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं आणि १९(२) त्यावर वाजवी निर्बंध घालू देतं. हा 'वाजवी' शब्द १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आला. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे जुने आकडे बदलले. धर्मभावना दुखावण्याचं २९५अ आता २९९ आहे. गटांमध्ये वैर वाढवण्याचं १५३अ आता १९६. बदनामीचं ४९९-५०० आता ३५६.

कलम २९९मध्ये 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' हे शब्द आहेत. कोणालातरी वाईट वाटलं, एवढ्याने गुन्हा पुरा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच हे सांगून ठेवलं आहे. २९९ आणि १९६ या दोन्हींखाली कोर्टाने दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. सात वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असं २०१४पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलं आहे.

माझा सगळ्यात आवडता निकाल मात्र आपल्या नागपूरचा आहे. १९४६ साली न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी लिहिलं की शब्दांचा परिणाम खंबीर, धीराच्या, समंजस माणसाच्या नजरेतून तोलायचा, दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या नजरेतून तोलायचा नाही. एका खासदार-कवीवरचा गुन्हा रद्द करताना मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीचा आधार घेतला. अशा तक्रारींत गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करावी, असंही त्या निकालात म्हटलं आहे.

मग लोक घाबरतात कशाला? कारण शेवटी सुटणं आणि मधली वर्षं तारखांना जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात राहणाऱ्याला नांदेडच्या कोर्टात हजर राहावं लागलं तर प्रवास, रजा, वकिलाची फी हीच शिक्षा होते. ही भीती खोटी नाही.

मृत व्यक्तींबद्दल लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: बदनामीच्या कलमात मृताच्या नातलगांच्या भावनांचाही उल्लेख आहे. त्याला घाबरून इतिहास लिहिणं थांबवू नका. कागदपत्रं, तारखा, संदर्भ जवळ ठेवा. साधार लिहिलेल्या ओळीला कोर्टात पाय असतात.

प्रकाशक म्हणतात, "एवढा परिच्छेद काढा, बाकी पुस्तक छापतो." काय करावं?

आधी कारण लेखी मागा. भांडायला म्हणून नाही. लिहायला बसलं की प्रकाशकालाही कळतं की आपल्याकडे कारण आहे की नुसती धास्ती. निम्म्या वेळा परिच्छेद टिकतो.

मग करारनामा वाचा. बहुतेक करारांत एक कलम असतं: मजकुरावरून कोर्टकचेरी झाली तर सगळी जबाबदारी लेखकाची. नवे लेखक रॉयल्टीचा टक्का वाचतात आणि या कलमावर न वाचता सही करतात. खर्च दोघांनी वाटून घ्यावा, आणि लेखकाला विचारल्याशिवाय पुस्तक बाजारातून मागे घेऊ नये, एवढं तरी लिहून घ्या.

जबाबदारी कशी एकट्या लेखकावर उरते याचं मराठीतलं उदाहरण वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचं आहे. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात ती छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला झाला. २०१५ मध्ये, एकवीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने ज्यांनी पूर्वीच बिनशर्त माफी मागितली होती त्या प्रकाशकांना त्या आरोपातून मोकळं केलं. कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं. अंक काढणारा आणि लिहिणारा एकाच होडीत असतात असं आपण धरून चालतो. धरून चालू नये.

रूपकातून, इतिहासातून, आडून लिहिलं तर तीही स्वयं-सेन्सॉरशिपच का?

अजिबात नाही, आणि हे उत्तर मी आवडीने देते. लेकी बोले सुने लागे ही आपली जुनी कला आहे. एकनाथांची भारुडं काय करतात? 'काळ' साप्ताहिकाचे कर्ते शिवरामपंत परांजपे १८९८पासून वक्रोक्तीने इतकं टोकदार लिहीत की वाचक हसत आणि सरकार चडफडे. १९०८ साली त्यांना राजद्रोहाखाली तुरुंगात घातलंच. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाला कळत होतं. सरकारलाही कळलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

म्हणजे कसोटी अशी: सुनेला लागलं का? वाचकाला कर्ता दिसला का? पौराणिक वेष घालूनही कीचकाला चेहरा होता. आज माझ्याकडे येणाऱ्या अनेक रूपककथांत 'राजा', 'नगरी', 'अंधार' असे शब्द असतात आणि तो राजा जगातला कुठलाही असू शकतो. लेखकाला वाटतं आपण सूचक लिहिलं. सूचक म्हणजे बोट दाखवणं. इथे बोट खिशातच राहिलेलं असतं.

नाटकाचं काही वेगळं असतं का?

हो. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. कथा-कादंबरीला अशी पूर्वपरवानगी लागत नाही. याचा परिणाम असा की नाटककार मंडळाच्या आधी स्वतःच एक मंडळ होतो. कापायला म्हणून दोन भडक संवाद मुद्दाम घालायचे आणि खरा संवाद वाचवायचा, ही जुनी युक्ती तुम्हाला नाटकवाले सांगतीलच. युक्तीने संवाद वाचतो हे खरं. लिहितानाची अर्धी शक्ती त्यात जाते, हेही खरं.

मी सरकारी नोकरीत आहे / पुरस्कारासाठी पुस्तक पाठवलं आहे. माझं काय?

नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ स्वतः वाचा. सहकाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. नियमात आहे त्यापेक्षा कार्यालयातल्या गप्पांत जास्त बंदी असते.

पुरस्काराबद्दल बोलायचं तर डिसेंबर २०२२ आठवतो. माओवादी असल्याच्या आरोपावरून तुरुंगात राहिलेले कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला राज्य वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला आणि काही दिवसांत शासनाने तो रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. अनेक लेखकांनी निषेध म्हणून राजीनामे दिले, पुरस्कार नाकारले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझी काळजी पुढच्या वर्षीच्या समितीची आहे, जिच्या टेबलावर असं पुस्तक आलं तर ती ते हळूच बाजूला ठेवेल, आणि त्याची बातमी होणार नाही.

घरचेच म्हणतात, "कशाला नसती उठाठेव?"

बायकांकडून हा प्रश्न जास्त येतो. बाईच्या लेखनावर घराची नजर राजकारणाच्या आधीपासून आहे. आता राजकारणही त्याच दारातून आत येतं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणीतरी तुमची कविता टाकतं, खाली एक काका "वहिनी, हे शोभत नाही" असं लिहितात, संध्याकाळी सासरे जेवताना गप्प असतात. दुसऱ्या दिवशी कविता काढलेली असते.

घरच्यांना शत्रू समजू नका. त्यांची काळजी खरी असते. पण छापून आल्यावर बाहेरून कळण्यापेक्षा आधी तुमच्या तोंडून कळू द्या. एका मुलीने तिचा लेख आईला मोठ्याने वाचून दाखवला. आईने एकच दुरुस्ती सुचवली: मामाचं नाव होतं, ते खरं आहे म्हणून राहू दे, पण त्याच्या मुलीचं काढ, तिचं लग्न व्हायचंय. मला ती दुरुस्ती उत्तम संपादकाची वाटली.

धमक्या किंवा शिवीगाळ सुरू झाली तर?

काहीही पुसू नका. स्क्रीनशॉट तारखेसकट जपा, फोन आला तर वेळ लिहून ठेवा. रात्री उत्तर देऊ नका. दोन माणसांना लगेच सांगा, त्यातला एक लेखक नसलेला असावा. जीवाची धमकी असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोस्ट काही दिवस मागे घेणं यात कमीपणा नाही. मजकूर तुमच्याकडे शाबूत असला म्हणजे झालं.

मी घाबरलो आणि काढलं. मी भेकड आहे का?

नाही. हा प्रश्न विचारणारा मुलगा मान खाली घालून बसला होता, म्हणून हे उत्तर मी सावकाश दिलं होतं.

तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांनी जानेवारी २०१५ मध्ये आपल्यातला लेखक मेला असं जाहीर केलं होतं. गावाने, जातीच्या संघटनांनी त्यांना इतकं जेरीस आणलं होतं. २०१६च्या जुलैत मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देताना त्यांना पुन्हा लिहायला सांगितलं, आणि ते लिहू लागले. मधल्या दीड वर्षाबद्दल त्यांना कोणी भेकड म्हणावं असं मला वाटत नाही.

आणि माणसं एवढ्या त्रासाशिवायही थांबतात. पेन या लेखकसंघटनेने २०१३ मध्ये अमेरिकेतल्या लेखकांना विचारलं, तेव्हा साधारण सहातल्या एकाने सांगितलं की सरकारी पाळतीच्या नुसत्या बातमीमुळे त्याने एखाद्या विषयावर लिहिणं-बोलणं टाळलं. त्यांच्या दारात कोणी आलं नव्हतं.

मी त्या मुलाला एवढंच विचारलं, काय काढलंस ते तुला आठवतंय का? तो म्हणाला, शब्दन् शब्द. म्हटलं, मग लिहून ठेव. विसरलास की मात्र ते गेलं.

मग लिहायचं कसं? तुमची काही पद्धत?

पहिला खर्डा एकाच वाचकासाठी लिहा, ज्याची तुम्हाला भीती वाटत नाही. माझ्यासाठी ती माझी मोठी बहीण होती. त्या खर्ड्यात नावं, आडनावं, जात, पक्ष, गाव सगळं येऊ द्या. "हे चालेल का" हा प्रश्न पहिल्या खर्ड्याला विचारायचाच नाही.

दुसऱ्या खेपेला लाल पेन घ्या आणि ज्या वाक्यांत क्रियापदाला करणारा नाही, त्यांच्याखाली रेघ मारा. "झालं", "घडलं", "म्हटलं जातं". प्रत्येक रेघेपाशी थांबा: इथे माणूस मला माहीत नाही म्हणून नाही, की माहीत असून घातला नाही?

तिसरं, वही. काढलेलं वाक्य, तारीख आणि खरं कारण. "भीती वाटली" असं कारण असेल तर तेच लिहा. माझ्याकडे अप्पा बळवंत चौकातून घेतलेली दोनशे पानी वही आहे, तिसरी. पहिल्या वहीचं पहिलं पान २००४ सालचं आहे. वर्षातून एकदा, दिवाळी अंकांची गडबड संपली की, मी ती वाचते. निम्मी वाक्यं काढली ते बरंच झालं असं वाटतं. काही वाचून लाज वाटते. काहींची वेळ आता आली आहे असं वाटतं.

काढलेलं परत आणता येतं का?

कधी कधी. सातारच्या त्या लेखकाला मी अठरा वर्षांनी फोन केला. तो आता शिक्षक आहे, केस पिकलेत असं म्हणाला. मूळ कथेची कार्बन कॉपी त्याने ठेवली होती. त्याच्या पहिल्या कथासंग्रहाचं काम माझ्याकडेच आलं, तेव्हा आम्ही दोघांनी ती कॉपी आणि छापील अंक शेजारी ठेवून वाचलं. आडनाव परत आलं. गाव परत आलं. सखूबाईच्या जातीपाशी तो थोडा थांबला, चहा प्यायला, आणि म्हणाला, राहू दे, घाला. वकिलाला पान दाखवलं, त्यांनी कल्पित पात्रांबद्दलची एक ओळ सुरुवातीला टाकायला सांगितली, ती टाकली.

संग्रहात ते वाक्य आता असं आहे: "चेअरमननं सांगितलं, म्हणून सखूबाईच्या उसाला तोड आली नाही." बांधणीतून आलेली पहिली प्रत मी त्याला पाठवली तेव्हा त्या पानात कागदाची खूण घातली होती.